डबा कोण पोचवायचं? निवड झालेल्या साहेबांना खुले पत्र

प्रति,
मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून शिकून अधिकारी, डॉक्टर, इंजिनिअर झालेल्या माझ्या सर्व भावाबहिणींना,



तुमच्यापैकी अनेकांचं अभिनंदन मी समोर उभी राहून केलेलं आहे. ज्यांचं राहिलं त्यांचं आज करते, अगदी मनापासून. पण हे पत्र अभिनंदनाचं नाही. बरेच दिवस मनात साचलेलं काही आहे, ते तुमच्यापुढे मांडायचं आहे.

मी हिमायतनगरातल्या एका लहानशा सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. आमच्याकडची म्हातारी माणसं या गावाला अजून वाढोणाच म्हणतात. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत अभ्यासिका आहे: लोखंडी टेबलं, बावीस खुर्च्या, दोन पंखे. सकाळी सहाला कुलूप मी काढते, रात्री शिपाई मामा लावतात. गेल्या बारा वर्षांत या खुर्च्यांवरून उठून कुणी तलाठी झालं, कुणी पोलीस भरतीत लागलं, दोघी नर्स झाल्या, एक मुलगा राज्यसेवेतून मोठ्या पदावर गेला. एखाद्याची निवड झाली की त्याच्या खुर्चीवर दोन दिवस कुणी बसत नाही. तिसऱ्या दिवशी त्याच खुर्चीसाठी मुलं भांडतात.

मग तुमचा सत्कार होतो. परमेश्वर मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर फ्लेक्स लागतो, हलगी वाजते, गुलाल उधळतो. मी प्रत्येक सत्काराला येते आणि मागच्या रांगेत बसते. घरी जाताना मात्र दर वेळी काहीतरी टोचत राहायचं. काय टोचतं हे माझं मलाच कळायला काही वर्षं गेली.

तुमचं भाषण मला आता पाठ झालं आहे. सुरुवातीला व्यासपीठावरच्या मान्यवरांचे आभार. मग क्लासच्या सरांचे. फ्लेक्सचा खर्च बहुतेक वेळा क्लासचाच असतो, त्यामुळे त्यावर सरांचा फोटो तुमच्याएवढाच मोठा. मग 'आईवडिलांच्या आशीर्वादाने' एवढंच म्हणून तुम्ही पुढे जाता. त्यानंतर अर्धा तास तुम्ही रोज किती तास अभ्यास केलात, मोबाईल कसा लांब ठेवलात, नोट्स कशा काढल्यात. माय पहिल्या रांगेत नवं पातळ नेसून बसलेली असते. तिला शाल आणि नारळ मिळतो, टाळ्या होतात आणि ती खाली बसते. तिने काय केलं ते कुणी सांगत नाही.

मला तो 'आशीर्वाद' शब्दच खटकतो. आशीर्वादाला काही खर्च येत नाही. तुमच्या मायने दिलं त्याला खर्च आला. दिवाळीपासून पुढे तीन-चार महिने ती किलोवर कापूस वेचत होती. बोंडाच्या टोकांनी तिची बोटं फाटली, त्यांवर ती रात्री तेल-हळद लावायची आणि सकाळी पुन्हा कमरेला ओटी बांधून पातीला लागायची. तुमच्या रूमचं भाडं त्यातून गेलं. हे सगळं 'आशीर्वाद' या एका शब्दात गुंडाळलं की ते देवघरात जाऊन बसतं आणि हिशेबातून निघून जातं.

आता माझ्या घरचंच सांगते.

2005 साली माझा धाकटा भाऊ दहावीला चांगल्या गुणांनी पास झाला. त्याच वर्षी मी बारावी झाले होते. तेव्हा आमच्याकडे डी.एड.ची फार हवा होती आणि मी फॉर्म आणून ठेवला होता. शेत चार एकर, कोरडवाहू. दोघांचा खर्च झेपणारा नव्हता. कुणी मला 'तू थांब' असं म्हणालं नाही. बाबांनी बैलजोडी विकली, भाऊ अकरावीला नांदेडला गेला आणि माझा फॉर्म ट्रंकेत राहिला. आमच्या भागातल्या शंभर घरांत हे असंच झालेलं आहे, आणि तेव्हा मला त्यात काही अन्यायही वाटला नव्हता. भाऊ शिकतोय याचा आनंदच होता.

नांदेडात मेस लावायला पैसे नव्हते, म्हणून डबा इथून जायचा. ज्यांनी हे केलं आहे त्यांना सांगायला नको. माय चारला उठून भाकरी थापायची. डब्यावर मी लाल ऑइलपेंटने भावाचं नाव लिहिलं होतं. सकाळची एसटी सहाला सुटायची, मी स्टँडवर पळत जाऊन डबा कंडक्टर मामांच्या हातात द्यायची. ते तो आपल्या सीटमागे ठेवायचे. भोकरवरून गाडी नांदेडला पोचली की भाऊ स्टँडवर उभा असायचा. रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीने परत. रविवार सोडून दोन वर्षं हे चाललं. मामांनी त्यासाठी एक पैसा घेतला नाही. एकदा भोकरच्या अलीकडे गाडी बंद पडली, तेव्हा मागून येणाऱ्या गाडीच्या कंडक्टरकडे त्यांनी डबा सोपवला आणि "पोरगं उपाशी राहील" एवढंच बोलले. हे आम्हाला त्या दुसऱ्या कंडक्टरकडून कळलं.

भाऊ इंजिनिअर झाला, पुढे राज्यसेवेत निवडला गेला. सत्काराच्या दिवशी मी सासरहून आले होते, कडेवर लेकरू होतं. भाऊ छान बोलला. बोलता बोलता म्हणाला, "मी शून्यातून उभा राहिलो."

त्या शून्यात आम्ही सगळे होतो.

खूप नंतर, एका उन्हाळ्यात, मी त्याला हे विचारलं. तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "अक्का, खरंच आठवलं नाही गं. तिथं सगळे जसं बोलतात तसंच बोललो." माझा त्याच्यावर विश्वास आहे. तुमच्यापैकी फार थोडे कृतघ्न आहेत, हे मला ठाऊक आहे. कुणाची नावं घ्यायची याची एक यादी व्यासपीठावर आधीपासून तयार असते. अध्यक्ष, पाहुणे, संचालक, सर. त्या यादीत कंडक्टर नसतो, बहीण नसते, बैलजोडी तर नसतेच. तुम्ही ती यादी वाचून खाली उतरता. माझी पहिली तक्रार हीच आहे: इतका अभ्यास केलेली माणसं दुसऱ्याने बनवलेली यादी का वाचतात?

दुसऱ्या यादीने बोलणारी माणसं याच महाराष्ट्रात झाली आहेत. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीला गेले आणि कुस्तीत कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ऑलिंपिकमधलं ते पहिलं वैयक्तिक पदक. जायला पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले. पदक घेऊन परतल्यावर बैलगाड्यांची मोठी मिरवणूक निघाली. पण मला मिरवणुकीपेक्षा पुढची गोष्ट मोठी वाटते. खाशाबांनी कुस्त्यांचे फड लावले, त्यांत स्वतः लढले आणि त्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवलं. ऑलिंपिकचं पदक घरात असताना ते पुन्हा तांबड्या मातीत उतरले ते कर्ज फेडायला. तुमच्यासाठी कुणाचं काय गहाण पडलं होतं आणि ते सुटलं का, एवढं तरी घरी विचारा.

दुसरी गोष्ट ग्रंथालयातली आहे म्हणून मला जास्त जवळची. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ आजारपणाशी झगडत लिहिला. 1956 साली त्यांनी त्याची प्रस्तावना लिहिली. तीत त्यांनी पत्नी सविताबाई आणि डॉ. मालवणकर यांचे आभार मानले, त्यांच्यामुळे हा ग्रंथ पुरा करता आला म्हणून. पुस्तक काळजीपूर्वक वाचून मुद्रितं तपासणाऱ्या म. भि. चिटणीसांचेही मानले. हे चिटणीस म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य, आपल्या मराठवाड्यात शिकवणारे. 6 डिसेंबर 1956 ला बाबासाहेब गेले, 1957 मध्ये ग्रंथ छापून आला, आणि ती प्रस्तावना त्यात नव्हती. ती लोकांसमोर यायला 1980 साल उजाडलं. मधल्या काळात सविताबाईंना, म्हणजे माईसाहेबांना, काय काय ऐकावं लागलं, त्यांच्यावर किती संशय घेतले गेले, हे तुम्ही वाचलंच असेल. देशाची घटना लिहिणाऱ्या माणसाने आजारपणातही औषध देणाऱ्यांची आणि मुद्रितं तपासणाऱ्याची नावं लिहून ठेवली. तरी ती नावं इतकी वर्षं वाचकांपर्यंत पोचली नाहीत. म्हणून म्हणते, आभार मागे ठेवून जाऊ नका. आपल्या तोंडाने, ते माणूस समोर असताना, मोठ्याने म्हणा.

आणि अगदी अलीकडचं म्हणाल तर आपल्याच मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यातल्या शेलगावचे अन्सार शेख. यूपीएससीच्या 2015 च्या परीक्षेत ते 361 व्या क्रमांकावर आले, वय एकवीस. वडील रिक्षा चालवायचे. धाकट्या भावाने सातवीनंतर शाळा सोडली, गॅरेजमध्ये काम केलं आणि यांच्या शिक्षणाला पैसे पाठवले. हे आपल्याला कसं कळलं? अन्सार यांनी स्वतः सांगितलं म्हणून. असेच आयएएस झालेल्या रमेश घोलपांनी आईच्या बांगड्यांच्या टोपलीबद्दल सांगितलं, राजेंद्र भारुडांनी आईने मोहाची दारू विकून वाढवल्याचं सांगितलं. यातल्या एकाचंही मोठेपण तसूभर कमी झालं नाही.

तुम्ही म्हणाल, दोन नावं राहिली तर एवढं काय बिघडलं? बिघडतं, आणि ते माझ्या बावीस खुर्च्यांवर बसलेल्या मुलांचं बिघडतं. ती तुमची भाषणं मोबाईलवर पुन्हा पुन्हा ऐकतात. 'मी एकट्याने केलं' हे ऐकून त्यांना वाटतं, यश एकट्याने मिळवायचं असतं. मग एखादा मुलगा बाप हमाली करतो हे लपवतो. एखादी मुलगी गावाकडून आलेला डबा कोपऱ्यात तोंड फिरवून खाते. आणि नापास झाल्यावर ती मुलं एकटीच नापास होतात, कारण ती एकटीच लढत होती असं त्यांना शिकवलेलं असतं. 2024 च्या नीटला देशभरातून 23 लाखांवर मुलं बसली, एमबीबीएसच्या जागा सगळ्या मिळून एक लाखाच्या थोड्या वर. म्हणजे बहुतेकांना नाहीच मिळणार. त्यांना हे कुणीतरी सांगायला हवं की निवड झालेल्यांच्या मागेही दहा-दहा माणसं उभी होती आणि तरीही काहींचं पहिल्या वेळी जमलं नव्हतं. हे तुम्ही सांगितलं तर ती मुलं ऐकतील. माझं ऐकत नाहीत.

'लातूर पॅटर्न' या अभ्यासपद्धतीचं बघा. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाच्या प्राध्यापकांनी वेळापत्रकाबाहेर तास घेतले, चाचण्यांवर चाचण्या घेतल्या, पेपर तपासून परत दिले, तेव्हा तो पॅटर्न उभा राहिला. आज त्याच्या नावावर चौकाचौकांत टॉपर झळकतात. घरातली एक खोली चार पोरांना भाड्याने देऊन परीक्षेच्या दिवसांत टीव्ही बंद ठेवणाऱ्या लातूर-नांदेडच्या घरमालकिणींचा फोटो मी अजून एकाही फ्लेक्सवर पाहिलेला नाही.

आता मागण्या. पहिली बहिणींसाठी, आणि ही मी जरा जोरात करणार आहे.

तुमच्यापैकी अनेक भावांनी नोकरी लागल्यावर पुढच्या दोन-चार वर्षांत बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवलं आहे. माझ्याही पुढे ठेवलं गेलं. "नुसती सही करायची आहे, सातबारा साफ होतो," असं सांगितलं जातं आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन बहीण अंगठा उठवून किंवा सही करून येते. भाऊबीज तुटू नये म्हणून. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून तोपर्यंत लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाएवढा हक्क दिला. 2005 साली देशाच्या हिंदू वारसा कायद्याने तो सगळ्या मुलींना दिला, आणि 11 ऑगस्ट 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मानेच मिळतो हे पक्कं केलं. तुम्ही हे कलमासकट पाठ केलं आहे, परीक्षेत त्यावर उत्तरं लिहिली आहेत. जिने तुमच्यासाठी शाळा सोडली तिच्याकडूनच जमीनही सोडवून घ्यायची, याला मी काय म्हणू? मी सही केली नाही. एका दिवाळीला भाऊ आला नाही. तो विषय आमच्यात अजून मिटलेला नाही, पण तो कागद पुन्हा माझ्यापुढे आलेला नाही. जिची इच्छा असेल तिने खुशाल सोडावं. पण तिला आधी विचारा की तिला काय हवं, आणि विचारताना कागद बरोबर नेऊ नका.

बहिणींनो, तुमच्यातल्या ज्या निवडल्या गेल्या त्यांनाही एक सांगणं आहे. अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास खिशात ठेवून तुम्ही एसटीने तालुक्याला शिकायला आलात. तो पास कुणाच्या मेहेरबानीचा नव्हता, तिकीट काढून प्रवास करणाऱ्या, कर भरणाऱ्या साऱ्या लोकांच्या पैशाचा होता. वसतिगृह, शिष्यवृत्ती, फी-माफी यांचंही तसंच. तेव्हा खुर्चीवर बसल्यावर समोर एखादी बाई फाटक्या पिशवीतून सातबारा काढत उभी राहिली, तर तिला 'उद्या या' म्हणण्याआधी तिच्या हातांकडे एकदा बघा. तुमच्या मायच्या हातांसारखे आहेत का ते बघा. आमच्याकडून हिच्यासारखीच माणसं तहसीलला जातात, आणि संध्याकाळी ग्रंथालयाच्या ओट्यावर बसून मला सांगतात की साहेब आपल्याच भागातले आहेत पण वर बघत नाहीत. हे ऐकताना मला फार लागतं, कारण त्या साहेबांना मी पेपर वाचायला दिलेला असतो.

पहिली-दुसरीच्या बाईंना आणि गुरुजींना भेटा. क्लासच्या सरांकडे तुम्ही पेढे घेऊन जाता, ते योग्यच आहे. पण तुमच्या हाताला धरून पाटीवर 'ग' गिरवून घेणारी जिल्हा परिषद शाळेतली बाई आता सेवानिवृत्त होऊन गावातच असते. तुमचा निकाल तिला पेपरातून कळतो.

ग्रंथालयासाठीही मागते, त्याचा मला संकोच नाही. आमचं अनुदान हप्त्यांनी येतं, पगार नावापुरता आहे. तुम्ही वापरलेली पुस्तकं रद्दीत घालू नका, इकडे पाठवा. आणि कधी गावी आलात तर मुलांशी तासभर बोला. अभ्यास कसा केला हे थोडं सांगा, कुणामुळे करता आला हे जास्त सांगा. माझं नाव त्यात आलं तर मला आनंद होईल, हे खोटं कशाला बोलू?

यंदापासून मी काउंटरवर एक वही ठेवली आहे. अभ्यासिकेत येणाऱ्या प्रत्येकाने महिन्याअखेर एक पान लिहायचं: या महिन्यात पैसे कुणी पाठवले, डबा कुणी केला, कुणी घरचं काम अंगावर घेतलं म्हणून मी इथं बसू शकलो. पहिल्या दिवशी मुलं लाजली. आता लिहितात. एका मुलाने लिहिलं की वहिनीने माहेरी जायचं पुढे ढकललं.

पहिली चार पानं मी रिकामी सोडली होती, तुमच्यासाठी. महाशिवरात्रीच्या यात्रेला माझा भाऊ आला होता. मी त्याच्यापुढे वही ठेवली आणि आत पुस्तकं लावत बसले. दुपारी बसला, दिवे लागले तरी लिहीत होता. अठरा ओळी झाल्या. माय, बाबा, बैलजोडी कुणाला विकली ते, रूमचे मालक, ज्याचं पुस्तक दोन वर्षं वापरलं तो मित्र. माझ्या नावापुढे त्याने 'डी.एड.' एवढंच लिहिलं आहे.

एका ओळीत नाव नाही. तिथं फक्त 'कंडक्टर मामा' असं आहे, कारण त्यांचं नाव आम्ही दोन वर्षांत कधी विचारलंच नाही. 2005 ते 2007, हिमायतनगरहून सकाळी सहाला सुटून भोकरमार्गे नांदेडला जाणारी गाडी. मामा उंच होते, आवाज जरा बसका होता. तुमच्यापैकी कुणाचा डबा त्या गाडीने जात असेल आणि नाव माहीत असेल, तर कृपा करून ग्रंथालयात कळवा.

आपली,
अक्का
(ग्रंथपाल, हिमायतनगर, जि. नांदेड)